आधी ब्रेक, मग सायलेन्सर

आमच्या मलकपेठेत घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आहे. तिथल्या घोड्यालाही लगाम असतो, मग मोटारसायकलीला का नको?

मामांची जुनी राजदूत ३५० सध्या माझ्याकडे आहे. ही गाडी १९८३ साली भारतात आली, मुळातली यामाहाची आरडी. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी ड्रम आला. इंजिनाची ताकदही उतरवली, पण उरलेली ड्रमच्या मानाने पुष्कळच होती.

मामेभाऊ म्हणतो, "दादा, आधी सायलेन्सर बदलू." मला हे मुळीच पटत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, हे आपण वर्गात घोकतो आणि रस्त्यावर विसरतो. गेल्या महिन्यात रेल्वे पुलाखाली एक आजीबाई आडव्या आल्या. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. माझे हात घरी येईपर्यंत कापत होते.

बरे, नुसती डिस्क लावून भागत नाही. ब्रेक दाबताच भार पुढे येतो. फोर्कच्या स्प्रिंगा थकलेल्या आणि तेल जुने असेल, तर गाडीचे नाक खाली बसते. शिवाय ड्रमच्या फोर्कवर कॅलिपर बसवायला जागाच नसते. म्हणजे फोर्क आणि ब्रेक एकदमच बदलायला हवेत.

मेकॅनिकने खर्च सांगितल्यापासून मामेभाऊ गप्प आहे. सायलेन्सरचे पैसे मात्र त्याने अजून माझ्या हाती दिलेले नाहीत.