श्रेणी मिळते, पण कान तयार होतात का? नववी-दहावीच्या 'कलारसास्वाद' तासाचा प्रश्न

शहागड (ता. अंबड) : लग्नसराई असो की गणपती, धुळे-सोलापूर महामार्गावरच्या शहागडमध्ये गाण्यांची कमतरता नाही. डीजे आहे, मोबाईल आहे, सप्ताहातलं कीर्तन आहे. पण दहावीच्या पोराला विचारलं, 'या गाण्यात कोणतं वाद्य वाजतंय?' तर किती जण सांगतील?

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात नववी-दहावीला 'स्व-विकास व कलारसास्वाद' हा विषय आहे. रसास्वाद म्हणजे स्वतः गाता आलंच पाहिजे असं नाही. कला समजून घेता आली पाहिजे. अडचण अशी, की या विषयाला गुण नाहीत, श्रेणी आहे. त्यामुळे परीक्षा जवळ आली की हा तास गणित-इंग्रजीकडे वळवणं शाळेला सोपं जातं. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात, पण ते शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिलेल्या किंवा लोककलेत सहभाग असलेल्या मुलांना. नुसतं चांगलं ऐकणाऱ्या मुलाच्या पदरात काही पडत नाही.

साहित्य तर दारातच

गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण, संत एकनाथांचं गाव. भारुडात वरून गंमत आणि आत शिकवण असते. घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचं जांब. तालुक्याच्या गावी, अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव, तिथं शास्त्रीय गाणं समोर बसून ऐकता येतं. गावागावांत गोंधळ, भीमगीतं, कव्वाली आहेच. एवढं शहरातल्या शाळेलाही सहज मिळत नाही.

एक मोबाईल, एक स्पीकर

संगीत शिक्षक नसला तरी सुरुवात अडत नाही. एकच गाणं तीनदा ऐकवायचं. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा वाद्य आणि ठेका ओळखायचा : गोंधळात संबळ, पोवाड्यात डफ-तुणतुणं, लावणीत ढोलकी, भजनात पखवाज. तिसऱ्यांदा विचारायचं : कोण, कोणाला आणि कशासाठी गातंय? पोवाड्यात शाहीर प्रसंग सांगतो आणि झीलकरी 'जी जी' म्हणत त्याला उचलून धरतात. कव्वालीत एकच ओळ टाळ्यांच्या साथीनं पुन्हा पुन्हा येते. असं का, याचं उत्तर पोरांनीच शोधायचं.

पहिला धडा तर रोज परिपाठात वाजतो. 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत आहे. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळे यांचा. रोज म्हणणाऱ्या मुलांनी ते एकदा कान देऊन ऐकलं, तर त्यातला शाहिरी बाज आपोआप कळेल.

नुकसान कोणाचं?

मोबाईल जे एकदा ऐकलं, तसंच पुढं वाढत राहतो. त्यामुळे एकाच वर्गातली एकाला भीमगीतं, दुसऱ्याला अभंग, तिसऱ्याला कव्वाली येते. एकमेकांचं मात्र कोणी ऐकत नाही. वर्गात ही गाणी शेजारी-शेजारी वाजली तर शेजाऱ्याच्या घरातलं गाणंही आपलं वाटू लागतं. दुसरं नुकसान कलावंतांचं. ऐकणारा कान उरला नाही, तर गोंधळी आणि भारूडकरी पुढच्या पिढीला ही कला कशाच्या भरवशावर शिकवतील?

यासाठी वेगळा निधी लागत नाही. गावातल्या एखाद्या भजनी मंडळाला किंवा शाहिराला महिन्यातून एकदा शाळेत बोलावता येतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एवढंच विचारावं : कलारसास्वादाचा तास वेळापत्रकात आहे, तो वर्गात होतो का?