टाकी मोठी, की गाडी थोर?

धरमपेठेतून एखादी जुनी, लांबलचक अमेरिकन मोटार गेली, की तुम्ही लगेच विचारता, "हिच्या टाकीत पेट्रोल किती मावते?" प्रश्न चांगला आहे, पण माझ्या मते तो अपुरा आहे.

उदाहरणच घेऊ. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईला कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्यांची जोडणी होऊ लागली. १९५० च्या प्लिमथचे इंजिन सहा सिलिंडरांचे, सुमारे ३,५७० घन सेंटिमीटरचे, ९७ अश्वशक्तीचे. टाकी १७ गॅलनची.

इथे सावध व्हा! हा अमेरिकन गॅलन, म्हणजे ३.७८५ लिटरचा. आपल्याकडे तेव्हा ब्रिटिश गॅलन चाले, तो ४.५४६ लिटरचा. एकक न पाहता हिशेब केलात, तर ६४ लिटरची टाकी ७७ लिटरची होऊन बसेल!

पुढे याच कारखान्यात फियाट ११०० तयार झाली. तिचेच नाव नंतर प्रीमियर पद्मिनी पडले. इंजिन १,०८९ घन सेंटिमीटरचे, टाकी ३८ लिटरची. आता समजा, प्लिमथ लिटरला ७ किलोमीटर जाते आणि फियाट १२. गुणाकार करा. प्लिमथ ४४८ किलोमीटर जाईल, फियाट ४५६! मग थोर कोण?

असे का होते? जड गाडीला वेग द्यायला अधिक ऊर्जा लागते, आणि ब्रेक दाबताच त्या ऊर्जेची उष्णता होते. लिटरभर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे प्लिमथच्या भरल्या टाकीत विजेची जवळजवळ ५७० युनिटे झाली. त्यातला जेमतेम पाव हिस्सा गाडी चालविण्याच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा रेडिएटर आणि धुराच्या नळीवाटे हवेत जाते.

आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल परदेशातून आणतो. म्हणून टाकीच्या आकाराचे कौतुक मला पटत नाही. घरच्या स्कूटरची टाकी काठोकाठ भरा, किलोमीटरचा आकडा टिपा. काही दिवसांनी पुन्हा तेवढीच भरा, आणि धावलेल्या किलोमीटरांना या वेळी भरलेल्या लिटरांनी भागा. येणारा आकडा कुठल्याही पाठ केलेल्या माहितीपेक्षा मोलाचा आहे, कारण तो तुम्ही स्वतः मोजलेला असेल.