परिचारिकेचा नकार

वैजनाथ हे वैद्यनाथाचेच लोकांच्या जिभेवर रुळलेले रूप. वैद्यांचा नाथ म्हणून ज्याचे पूजन होते, त्या ज्योतिर्लिंगाच्या परळी गावात २०१२ सालच्या मे महिन्यात एका खासगी रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा बळी गेला. मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगी नको, एवढेच त्या गर्भपाताचे कारण होते. खटला चालला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने डॉ. सुदाम मुंडे व त्यांच्या पत्नी डॉ. सरस्वती मुंडे यांना दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८९४ होती; २०११ मध्ये ती ८०७ वर आली. या दोन आकड्यांमध्ये काय घडत होते, हे परळीच्या प्रकरणाने महाराष्ट्राला सांगितले.

त्या काळात डॉक्टरांच्या नीतिमत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. रुग्णालय एकट्या डॉक्टरच्या हाताने चालत नाही. रुग्णाला टेबलावर कोणी घ्यावे लागते, सलाईन कोणी लावावे लागते, हत्यारे कोणी उकळून ठेवावी लागतात, केसपेपरवर काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही हेही कोणाला तरी ठाऊक असावे लागते. परळीत त्या दिवशी कोणी काय केले हा न्यायालयाच्या कक्षेतील विषय. त्याविषयी येथे काही सुचवावयाचे नाही. प्रश्न सर्वसाधारण आहे. आपल्यासमोर बेकायदा कृत्य घडत असताना परिचारिकेने काय करावे? आणि तिने ‘नाही’ म्हटले, तर तिच्या पाठीशी कोण उभे राहील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने निःसंदिग्ध शब्दांत दिले आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या २३ व्या कलमात केवळ डॉक्टर आणि केंद्राचा मालक यांचाच उल्लेख नाही. अशा केंद्रात नोकरीस राहून आपली व्यावसायिक वा तांत्रिक सेवा देणारी व्यक्तीही, कायद्याचा भंग केल्यास, शिक्षेस पात्र ठरते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीखेरीज कोणीही गर्भपात केल्यास दोन ते सात वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. ‘साहेबांनी सांगितले म्हणून केले’ हा बचाव खासगी रुग्णालयातील परिचारिकेला तारू शकत नाही. येथे एक विवेक मात्र राखला पाहिजे. कायद्याच्या चौकटीत गर्भपातासाठी आलेल्या स्त्रीचा न्यायनिवाडा करणे, तिला टाकून बोलणे, तिचे गुपित बाहेर फोडणे, हेही परिचर्येच्या नीतीला तितकेच सोडून आहे. नकार द्यावयाचा तो बेकायदा कृत्याला, असहाय स्त्रीला नव्हे.

जबाबदारीचा दुसरा पैलू पात्रतेचा आहे. दिल्लीतील स्प्रिंग मेडोज रुग्णालयात १९९३ च्या डिसेंबरात विषमज्वराने आजारी असलेल्या एका बालकाला चुकीचे इंजेक्शन दिले गेले. त्याचे हृदय थांबले, ते पुन्हा सुरू झाले; पण मेंदूची हानी कायमची झाली. इंजेक्शन देणारी तरुणी परिचारिका म्हणून नेमलेली होती, परंतु कोणत्याही परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये रुग्णालयालाच जबाबदार धरले. बालकाला साडेबारा लाख आणि त्याच्या आईवडिलांना पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. या निकालाला पाव शतक उलटून गेले. तरीही तालुक्याच्या गावातील एखाद्या खासगी रुग्णालयात जाऊन पाहावे. दहावी-बारावी झालेली, कसलेही शिक्षण न मिळालेली मुलगी पांढरा कोट घालून शिरेत सुई टोचत असते आणि आपण सारे तिला ‘सिस्टर’ म्हणत असतो. महाराष्ट्रात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९६६ पासून आहे. पण नोंदणीचा दाखला पाहण्याची तसदी ना मालक घेतो ना रुग्णाचा नातेवाईक. अशा मुलीकडून चूक झाली की ती चूक तिची ठरते. वस्तुतः पहिला अपराध तिला कमी पगारात त्या जागी उभे करणाराचा असतो.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा अर्भके मृत्युमुखी पडली. वरिष्ठांची निलंबने व बदल्या झाल्या. पुढे फौजदारी गुन्हा नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण गेले. चार दिवसांच्या आत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. या परिचारिकांचे वर्तन निर्दोष होते असे येथे म्हणावयाचे नाही. ते तपासून ठरवायचे. परंतु विजेच्या तारांची तपासणी, आगप्रतिबंधक यंत्रणेची मंजुरी, तिला लागणारा पैसा, पाळीत किती माणसे असावीत याचा निर्णय, यांपैकी कोणती गोष्ट परिचारिकेच्या हाती असते? भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. आपल्या जिल्हा रुग्णालयांत रात्रपाळीला एकेक परिचारिका किती खाटा सांभाळते, हे ज्याने आप्तासाठी तेथे एक रात्र काढली आहे त्याला सांगावयास नको. ज्याच्या हाती अधिकार नाही त्याच्या गळ्यात जबाबदारी, आणि ज्याच्या हाती अधिकार आहे त्याची केवळ बदली, हा न्याय विचित्र म्हटला पाहिजे.

या विचित्र न्यायावर आता कायद्यानेच मोहोर उठवली आहे. जुन्या भारतीय दंडविधानाच्या ३०४-अ कलमात हयगयीने मृत्यू घडविणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. डॉक्टर, परिचारिका, मोटारचालक सर्वांना तीच मर्यादा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. मात्र नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून वैद्यकीय उपचार करताना असे घडले, तर ती दोनच वर्षे राहील, असा अपवाद केला. वैद्यकीय व्यवसायी म्हणजे ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे तो, अशी व्याख्याही तेथेच जोडली आहे. परिचारिकेचे नाव त्या नोंदवहीत नसते. परिणाम असा की, एकाच शस्त्रक्रियागृहात, एकाच रुग्णाच्या बाबतीत, एकाच प्रकारची हयगय झाली, तर डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला जास्तीत जास्त पाच वर्षे!

डॉक्टरांना ही सवलत देण्यामागे विचार आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. शिक्षेच्या धाकाखाली हात थरथरू लागला तर उपचारच थांबतील. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात हाच विचार मांडून डॉक्टरवर खटला भरण्यापूर्वी तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यावे आणि त्याला सरसकट अटक करू नये, असे बजावले. पण थरथरणारा हात परिचारिकेचा नसतो काय? मध्यरात्री सुई तीच टोचते, रक्ताची बाटली तीच लावते, नाडी तीच मोजते. जो युक्तिवाद डॉक्टरला लागू आहे तो तिला अधिक लागू आहे. कारण तिच्याजवळ ना डॉक्टरची प्रतिष्ठा, ना त्याची संघटना, ना वकिलाची फी. परिचारिका हयगय करीत नाहीत, रुग्णांवर खेकसत नाहीत, असा भाबडा दावा कोणी करणार नाही. दोषी असेल तिला शिक्षा व्हावीच. मागणी आहे ती समान मापाची.

परिचर्येच्या नीतीचा इतिहासही येथे उद्बोधक ठरावा. एकेकाळी परिचारिकेचा मोठा सद्गुण म्हणजे डॉक्टरवरील निष्ठा मानला जाई. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये आपली आचारसंहिता स्वीकारली. १९७३ मध्ये ती नव्याने मांडताना परिचारिकेचे पहिले उत्तरदायित्व शुश्रूषेची गरज असलेल्या माणसांशी आहे, असे तिने स्पष्ट केले. निष्ठेचे केंद्र डॉक्टरकडून रुग्णाकडे सरकले. योगायोग असा की, त्याच १९७३ च्या २७ नोव्हेंबरला मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच एका सफाई कामगाराने पाशवी अत्याचार केला. त्यांचा ‘अपराध’ काय? गैरप्रकाराबद्दल त्याला फटकारले आणि वरिष्ठांना कळविण्याचा इशारा दिला. कर्तव्य करणाऱ्या परिचारिकेने मोजलेली ही किंमत आहे. पुढे १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. अरुणाबाईंना मरण द्यावे ही याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा खरा अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचारीवर्गाचा आहे, असे न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात मानले. त्या परिचारिकांच्या भूमिकेविषयी मतभेद असू शकतील. पण खाटेशी उभी असलेली परिचारिका ही केवळ आदेश पाळणारे यंत्र नाही, तिला स्वतःचा नैतिक आवाज आहे, हे देशातील सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले, याचे मोल कमी नाही.

तो आवाज परळीच्या, अंबाजोगाईच्या, माजलगावच्या छोट्या रुग्णालयातही उमटावयाचा असेल, तर काही गोष्टी करणे अगत्याचे आहे. न्याय संहितेच्या १०६ व्या कलमातील सवलत नोंदणीकृत परिचारिकांनाही मिळावी, आणि अटकेपूर्वीच्या तज्ज्ञ चौकशीत अनुभवी परिचारिकेचा समावेश असावा. औषधाचा तोंडी आदेश आणीबाणीपुरताच चालावा, आणि ती निवळताच तो केसपेपरवर डॉक्टरच्या सहीने उतरावा. बेकायदा कृत्यात सहभाग नाकारणाऱ्या वा त्याची खबर देणाऱ्या परिचारिकेची नोकरी आणि नाव सुरक्षित राहावे. रुग्णालयातील हिंसेपासून संरक्षण देणारा कायदा राज्यात २०१० पासून आहे. पण तो हात उगारणाऱ्या माणसापासून वाचवतो, उद्यापासून कामावर येऊ नकोस म्हणणाऱ्या मालकापासून नव्हे. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला आहे. त्या व्यवस्थेने केवळ परीक्षा आणि महाविद्यालयांची मान्यता यांत न गुंतता हेही आपले काम मानावे.

आणि थोडी जबाबदारी आपलीही आहे. मराठवाड्यातील किती तरी शिक्षकांच्या, कारकुनांच्या, ऊसतोड मजुरांच्या मुली आज परिचर्येचे शिक्षण घेत आहेत. मुलगी पहिल्या नोकरीवर निघाली की आपण तिला सांगतो, ‘साहेब म्हणतील तसे वाग, उलटून बोलू नकोस.’ त्या उपदेशात आपले प्रेम असते. आपली भीतीही असते. उद्या कोणी तिला खोटी नोंद करावयास सांगितली किंवा जे करू नये त्यासाठी हात मागितला, तर हाच उपदेश तिला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकेल. तिला नकार देण्यास शिकवावे, आणि नकार देऊन ती घरी परतली तर ‘नोकरी का घालवलीस’ असे विचारू नये. जनगणनेतील त्या ८०७ च्या आकड्याला जितके डॉक्टर कारणीभूत आहेत, तितकेच, जिथे ‘नाही’ म्हणावयास हवे तिथे गप्प राहिलेले आपण सर्वही आहोत.