कंपनीचं ॲप: यंदा लिंकवर भागवूया



मालाची आगाऊ नोंद मोबाईलवर घ्यायची, हे आपलं ठरलंय. आता "प्ले स्टोअरवर कंपनीचं स्वतःचं ॲप टाका" असं बरेच जण म्हणतात. माझं मत: *यंदा ते नको. लिंक दाबली की उघडणारं साधं पान पुरे.*

नोंद कशासाठी हवी ते आधी बघा. जांभूळ काढलं की दोन दिवसही धड टिकत नाही. उद्या बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरला किती माल जाणार हे आदल्या रात्री कळलं, तर तेवढेच क्रेट आणि तेवढीच गाडी सांगता येते. नाहीतर माल पडून राहतो, किंवा अर्ध्या रिकाम्या गाडीचं भाडं सगळ्यांच्या माथी बसतं. त्यासाठी चारच गोष्टी लागतात: नाव, गाव, माल, किलो.

काही जण विचारतात, ई-पीक पाहणी २०२१ पासून ॲपवर चालते, मग आपलं का नको? तिथे मागे सरकारी यंत्रणा आहे. आपल्याकडे अँड्रॉइड बदललं की ॲप सुधारायला माणूस शोधावा लागेल, दरवेळी पैसे मोजून. प्ले स्टोअरची फी २५ डॉलर, तीही एकदाच. खरा खर्च त्यानंतरचा. शिवाय मेमरी भरलेल्या फोनवर अजून एक ॲप कोण घेणार?

मग वापरायचं काय?

*१) सभासदांसाठी गूगल फॉर्म.* फुकट आहे, प्रश्न मराठीत टाकता येतात, नोंद थेट शीटमध्ये जाते. अडचण एकच, रेंज नसेल तर फॉर्म जात नाही. बारवीकडच्या पाड्यांवर रेंज गेली, तर गटप्रमुखाला निरोप द्या, तो भरेल.

*२) वजनकाट्यावर ॲपशीट.* त्याच शीटवर चालतं. रेंज नसताना केलेली नोंद फोनमध्ये राहते, रेंज आली की वर जाते. चाचणी १० जणांपर्यंत फुकट, पुढे माणशी दरमहा पैसे. म्हणून ते काट्यावरच्या दोन-तीन जणांनाच द्यायचं.

*३) स्वतःचं वेबपान पुढच्या वर्षी.* हंगामभर लोकांनी फॉर्म खरंच भरला, तरच.

कुणीही ॲप विकायला आलं तर तीन प्रश्न विचारा:
👉 आमची सगळी नोंद एक्सेलमध्ये काढून मिळेल का?
👉 तुम्ही नसलात तर दुसरा कुणी चालवू शकेल का?
👉 पैसे थांबले तर आमची माहिती कुणाकडे राहील?
उत्तर गोलमोल आलं, तर चहा पाजून रवाना करा.

⚠️ फॉर्ममध्ये आधार किंवा बँक खाते नंबर मागायचा नाही. शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' अशी उघडी ठेवायची नाही. भाव आणि माल ही आपली खासगी माहिती आहे.

वेगळं मत असेल तर बैठकीत जरूर मांडा. पैसा सगळ्यांचा आहे.

– तुमचा कृषी सल्लागार