कागदावरचं जेवण

हॉटेलात गेलं की आधी टेबल धरायचं, मग मेनूकार्डावरून भावंडांशी भांडायचं आणि मग वेटरची वाट बघत पाणी पीत बसायचं, ही आपली पद्धत. आज तुम्हांला अशा ठिकाणी नेतो, जिथे यातलं काहीच करावं लागत नाही.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची राजधानी ऑस्टिन. तिथून साधारण 50 किलोमीटरवर लॉकहार्ट नावाचं छोटंसं गाव आहे. धुरावर भाजलेलं मांस, म्हणजे 'बार्बेक्यू', खायला लोक लांबलांबून या गावात येतात. खाणावळीत शिरलं की रांगेत उभं राहायचं. पुढे गेलं की लाकडाची धग अंगाला लागते, आणि धुराचा वास तर कपड्यांना घरी येईपर्यंत सोडत नाही. मांस तिथे वजनावर मिळतं, आपण भाजीवाल्याकडून वांगी घेतो तसं. ते कापून, तोलून, जाड तपकिरी कागदावर ठेवून हातात देतात. सोबत पांढरा पाव किंवा खारट बिस्किटं, कांदा आणि लोणच्यातली काकडी. ताट नाहीच! गावातल्या 'क्राइट्स' मार्केटमध्ये तर कित्येक वर्षं काटेचमचे मिळत नसत आणि सॉसही मिळत नसे. हाताला बोटं आहेत ना, मग काटा कशाला?

आता तुम्ही म्हणाल, हा काय विक्षिप्तपणा! पण यामागे कारण आहे. 1900 साली हे दुकान सुरू झालं, तेव्हा ती खाणावळ नव्हतीच. ते होतं मांसाचं आणि किराण्याचं दुकान. टेक्सासच्या या भागात जर्मनी आणि चेक प्रदेशातून आलेले बरेच लोक स्थायिक झाले होते, आणि त्यांच्यात खाटकाचा धंदा करणारे पुष्कळ होते. न खपलेलं मांस वाया जाऊ नये म्हणून ते धुरावर भाजून ठेवत, काहीचे सॉसेज करत. कापूस वेचायच्या हंगामात मजूर गावात येत आणि हे भाजलेलं मांस विकत घेऊन तिथेच, त्याच कागदावर खात. कापायला सुऱ्या असत, पण त्या साखळीने बांधलेल्या. आपल्याकडे पोस्टात पेन दोरीला बांधलेलं असायचं ना, तशा!

या मजुरांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन पुष्कळ होते. त्या काळी टेक्सासमध्ये वंशभेद इतका कडक होता की गोऱ्यांच्या बऱ्याच उपाहारगृहांत त्यांना बसूच देत नसत. खाटकाच्या दुकानात निदान पैसे देऊन मांस तरी मिळे. आज पर्यटक ज्या कागदाचे कौतुकाने फोटो काढतात, त्याची ही बाजूही आहे.

टेक्सासचा सर्वांत मानाचा पदार्थ म्हणजे 'ब्रिस्केट', गाईबैलांच्या छातीचं मांस. आपल्यापैकी पुष्कळ जण ते खात नाहीत, काही जण तर मांसच खात नाहीत. पण ते शिजतं कसं, यातलं शास्त्र मोठं गमतीचं आहे, ते ऐकायला काय हरकत आहे?

उभं राहताना, चालताना जनावराच्या शरीराचा मोठा भार छातीचे हे स्नायू पेलतात. त्यामुळे ते भलते चिवट असतात. त्यांत कोलॅजन नावाचे तंतू असतात. घाईने भाजलं तर मांस चपलेसारखं होतं. म्हणून बहुतेक ठिकाणी ते ओकच्या लाकडाच्या धुरात, 110 ते 120 अंश सेल्सिअसच्या बेताच्या उष्णतेत, दहा-बारा तास ठेवतात. हळूहळू कोलॅजन विरघळून त्याचं मऊ जिलेटिन होतं.

आणि यात एक विलक्षण गोष्ट घडते. सुरुवातीला मांसाच्या आतलं तापमान भराभर वाढतं. पण 65 ते 75 अंशांच्या दरम्यान कुठेतरी येऊन ते अडून बसतं! भट्टी पेटलेली, लाकूड जळतंय, तास उलटतात, पण काटा हलत नाही. नवशिका घाबरतो, जाळ वाढवतो आणि सगळं बिघडवतो. हे का होतं? उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे, माठात. माठाच्या अंगावर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. मांसातूनही तसंच पाणी बाहेर येऊन उडत असतं. भट्टी जितकी उष्णता देते तितकी ही वाफ घेऊन जाते. पृष्ठभाग पुरेसा वाळला की मगच तापमान पुन्हा चढू लागतं. काही आचारी अशा वेळी मांस कागदात गुंडाळतात, म्हणजे वाफ कोंडते आणि वेळ वाचतो. काहींना तो चक्क लबाडपणा वाटतो.

त्यामुळेच इथे 'आणखी एक प्लेट आणा' चालत नाही. आजचं मांस काल रात्रीच भट्टीवर चढलेलं असतं. ऑस्टिनमधल्या काही नामांकित ठिकाणी लोक घडीच्या खुर्च्या घेऊन सकाळपासून रांगेत बसतात. दुपारी माल संपला की दुकान बंद, मग तुम्ही कुणीही असा.

लॉकहार्टच्या त्या दुकानाकडे पुन्हा वळू. 1948 साली एडगर श्मिट यांनी ते विकत घेतलं. पुढे धंदा त्यांच्या मुलांकडे आला, पण 1990 साली वडील गेल्यावर इमारत मिळाली मुलीला. दुकान भावाचं, भिंती बहिणीच्या! भाडेकरार संपत आला तेव्हा दोघांचं जमेना. शेवटी 1999 साली भावाने त्याच गावात मोठी नवी इमारत बांधली आणि 'क्राइट्स' हे नाव तिकडे नेलं. धुराने काळ्या झालेल्या भिंती आणि जुन्या विटांच्या भट्ट्या बहिणीकडे राहिल्या. तिने तिथेच आपलं दुकान उघडलं आणि त्याला वडिलांच्या टोपणनावावरून नाव दिलं, 'स्मिटीज मार्केट'.

भट्टी काही उचलून नेता येत नव्हती. म्हणून स्थलांतराच्या दिवशी जुन्या भट्टीतले धगधगते निखारे एका मोठ्या टबात भरले, आणि तो टब गावच्या रस्त्यावरून ओढत नव्या दुकानापर्यंत नेला. तिथला पहिला जाळ त्याच निखाऱ्यांवर पेटला.