द्रव्याचा देश आणि बदलता काल

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय विमान, आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचलेला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीच्या माणसांनाही एकाच वेळी एकच व्याधी कसा ग्रासतो, एवढा आशय बहुधा सर्वांच्या स्मरणात असतो. त्या अध्यायाच्या प्रारंभीचा प्रसंग मात्र सहसा विस्मरणात जातो. ग्रीष्माच्या अखेरीस गंगातीरीच्या वनात फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, निसर्गाची लक्षणे विकृत दिसत आहेत, लवकरच पृथ्वी औषधींना यथोचित रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव देणार नाही. तेव्हा त्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेव. या उपदेशातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. देश व काल बिघडले की आधी औषधी हीनवीर्य होते, आणि रुग्ण वैद्याच्या दारी येतो तो त्यानंतर.

हवामानबदलाचा विचार करताना आपल्या व्यवसायबंधूंचे लक्ष नव्या साथींकडे आणि ऋतुचर्येकडे जाते. ते योग्यच आहे. परंतु आपल्या बरणीतील द्रव्याचे काय होत आहे, हा प्रश्न आपण पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या प्रश्नाकडे वैद्य व फार्मसीचालक या दोघांचेही लक्ष वेधावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपला जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर व २०२४ पासूनचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. त्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी, हरिश्चंद्रगडचा परिसर आहे. तेथे पाऊस हजारो मिलिमीटर पडतो आणि हिरडा, बेहडा, जांभूळ यांची दाट झाडी आढळते. पूर्वेस व दक्षिणेस पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे अवर्षणप्रवण तालुके आहेत. तेथे बाभूळ, बोर, निंब आणि पावसाळ्यात उगवणारे गोखरू, पुनर्नवा, भुईआवळी यांचे राज्य आहे. आनूपाकडे झुकणारा देश आणि शुद्ध जांगल देश एकाच जिल्ह्यात क्वचितच पाहावयास मिळतात. औषधिसंग्रहासाठी चरकाने साधारण व जांगल देश प्रशस्त मानले असल्याने आपले कोरडे माळरानही आपल्या दृष्टीने उपेक्षणीय नाही.

आता वनस्पतीची उत्पादकता म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. पान हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते, सूर्यप्रकाश व पाणी यांच्या साहाय्याने त्याची शर्करा बनविते. या मिळकतीपैकी सुमारे निम्मा भाग वनस्पती स्वतःच्या श्वसनावर खर्च करते. उरलेल्यातून मूळ, साल, पान, फळ, बीज घडते. पुढे पान गळते, मूळ कुजते, जमिनीतील सूक्ष्मजीव त्याचे पचन करतात. काही कार्बन पुन्हा हवेत जातो आणि काही मातीत टिकून राहतो. जगातील मातीत साठलेला सेंद्रिय कार्बन हा वातावरण व सर्व वनस्पती यांतील कार्बनच्या बेरजेहूनही अधिक आहे. माणूस कोळसा, तेल जाळून व जंगल तोडून जो कार्बन हवेत सोडतो, त्याचा जवळजवळ तीस टक्के भाग जमिनीवरील ही वनसृष्टी परत शोषून घेते.

भावप्रकाशात उत्तम हरीतकीची परीक्षा सांगितली आहे. फळ नवे, स्निग्ध, घन, गोल व जड असावे आणि पाण्यात टाकले असता बुडावे. ही परीक्षा आपण द्रव्यगुणाच्या तासाला पाठ केली. आज तिच्याकडे पाहिले तर ध्यानात येते की, झाडाने वर्षभरात जे मिळविले त्यातील किती भाग फळात साठविला, याचेच ते मोजमाप आहे. झाडाचा खर्च वाढला आणि मिळकत घटली की फळ हलके होणारच.

बदलत्या हवामानात नेमके हेच घडते. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, असे केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे. उष्णता, विशेषतः रात्रीची उष्णता वाढली की वनस्पतीचे श्वसन वाढते. पावसात खंड पडला की पान आपली रंध्रे मिटून पाणी वाचविते, परंतु त्याबरोबर कार्बनचा प्रवेशही थांबतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या संशोधनानुसार, गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. कोरडा खंड आणि त्यामागून मुसळधार, हा आता अनुभवाचा विषय झाला आहे. दीर्घकाळ तापलेली माती एकाएकी भिजली की तिच्यातील सूक्ष्मजीव जोमाने कामास लागतात आणि थोड्या दिवसांत बराच कार्बन हवेत जातो. शिवाय सुपीक थर धुपून जातो तो वेगळाच. मातीची आवक मंदावते आणि जावक वाढते. अशा मातीत पुढील वर्षी उगवणारी पुनर्नवा मागील वर्षीइतकीच सकस असेल, असे आपण कोणत्या आधारावर गृहीत धरतो?

अकोल्याच्या डोंगरांतील हिरडा हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथील महादेव कोळी व ठाकर कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा वेचून वाळवितात. खरिपाच्या बियाण्याचा व घरखर्चाचा आधार त्यातून मिळतो. मोहोर असताना अवकाळी पाऊस वा गारपीट आली की मोहोर झडतो. वाळवणाच्या वेळी आली तर माल बुरशीने काळवंडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट महाराष्ट्र विसरलेला नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा अकोल्याला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात व पलीकडे आंबेगावात हिरड्याची अनेक झाडे कोसळली आणि भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. पडलेले जुने झाड एका पिढीत परत उभे राहत नाही. त्याच्या बुंध्यात, मुळांत व खालच्या मातीत जो कार्बन अनेक दशके सुरक्षित होता, तोही हळूहळू हवेत जातो. औषधी गेली आणि हवा शुद्ध करणारेही गेले.

यावर एक आक्षेप घेतला जातो. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर वनस्पतीला अन्नच अधिक मिळेल, मग चिंता कशाची? आक्षेप अगदीच निराधार नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतील याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होते, ते आता ४२० च्या वर गेले आहे, आणि पाणी व नत्र पुरेसे असल्यास अनेक वनस्पती त्यामुळे जोमाने वाढतात. परंतु मोकळ्या शेतात असा वायू वाढवून केलेल्या प्रयोगांत गहू व तांदूळ यांतील प्रथिने, जस्त व लोह घटल्याचे दिसून आले. त्यांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. वाढ झाली म्हणजे गुण वाढला, असे नाही. औषधी वनस्पतींत तर पाण्याच्या ताणाखाली काही कार्यकारी द्रव्यांचे प्रमाण वाढते, काहींचे घटते. यास्तव वजन व रूप पाहून केलेली खरेदी पूर्वीपेक्षा अधिक धोक्याची झाली आहे.

कालाविषयीही हेच म्हणावे लागते. मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल व कंद शरदात, सार हेमंतात, फुले-फळे आपापल्या ऋतूत घ्यावीत, असे चरकाने कल्पस्थानात सांगितले. त्यामागे महिन्याचे नाव नाही, तर वनस्पतीची अवस्था आहे. ऋतू सरकला तर दिनदर्शिकेला धरून बसणे हा शास्त्राचा आदर ठरत नाही. झाड पाहून संग्रह करणे हाच आदर होय.

मग आपल्या हाती काय आहे? आत्रेयांचा उपाय, म्हणजे आधीच संग्रह करणे, एका हंगामापुरता उपयोगी आहे. आजचा बिघाड एका हंगामाचा नसल्यामुळे कोठार भरून तो टळणार नाही. जेथे औषधी उगवते तो देशच राखावा लागेल. हे अशक्य नाही, याचा दाखला आपल्याच नगर तालुक्यात आहे. हिवरे बाजार येथे पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, तरीही श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदानातून माथा ते पायथा जलसंधारण केले. डोंगरावर गवत आले, झाडी आली, विहिरींना पाणी आले. गवताची दरवर्षी वाढणारी व कुजणारी मुळे हा मातीत कार्बन साठविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. तो पाणी धरतो, आणि पाणी औषधी धरते.

फार्मसीचालकांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली नोंदीची. शेड्यूल टी प्रमाणे कच्च्या मालाचा पुरवठादार व प्राप्तीची तारीख आपण लिहितोच. त्यापुढे संग्रहाचे गाव, महिना, फळ पक्व की बाल, आणि त्या वर्षी तेथील पाऊस कसा होता, एवढे चार रकाने वाढवावेत. जलविद्राव्य व मद्यविद्राव्य सत्त्वाचे आकडे आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या मर्यादेत आहेत एवढे पाहून न थांबता वर्षावर्षांची तुलना करावी. दहा वर्षांनी ही वही जिल्ह्याचा अमोल दस्तऐवज ठरेल. दुसरी गोष्ट दराची. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क ग्रामसभांना मिळू शकतात. मध्यस्थाच्या पोत्यापेक्षा ग्रामसभेशी थेट करार करावा, फांदी न तोडता वेचलेल्या व नीट वाळविलेल्या मालास वाढीव दर द्यावा आणि काही फळे झाडावर राखण्याची अट घालावी. उभ्या झाडाला किंमत मिळाली तरच झाड उभे राहील. तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या भट्टीची. काढ्यासाठी किती सरपण जळते आणि उरलेला चोथा कोठे जातो, याचा हिशेब प्रत्येकाने मांडावा. चोथा उकिरड्यावर जाळणे म्हणजे मातीचे देणे बुडविणे होय. त्याचे खत करून ते शतावरी-अश्वगंधा पिकविणाऱ्या शेतकऱ्यास परत द्यावे.

वैद्यबंधूंनी आपल्या गावातील एक निंब, एक बेहडा, एक आवळा निश्चित करून पालवी, मोहोर व फळधारणेच्या तारखा दरवर्षी टिपाव्यात. संघटनेने त्या एकत्र कराव्यात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे मार्गदर्शन मागता येईल. यासाठी निधी लागत नाही, सातत्य लागते.

या सूचनांनी खर्च वाढेल, हे मला मान्य आहे. वाढीव दर देणाऱ्या फार्मसीचे चूर्ण महाग होईल आणि रुग्ण ते विचारील. तेव्हा त्याला उत्तर देण्याचे काम वैद्याचे आहे. हीनवीर्य द्रव्याने बरा न झालेला रुग्ण द्रव्याला दोष देत नाही; तो शास्त्राला दोष देतो, आणि पुन्हा येत नाही. आत्रेयांनी अग्निवेशाला वेळेवर सावध केले होते. आपल्याला सावध करण्यास आपल्याच डोंगरातील हिरडा पुरेसा आहे. इत्यलम्.