चिकोडी ते डेट्रॉईट : ठाणेदारांचे यश आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

माधवनगर-सांगलीवरून मिरजेला येणारा लोहमार्ग पुढे कुडची, रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा अशी स्थानके घेत बेळगावला जातो. याच पट्ट्यातील चिकोडीत २२ फेब्रुवारी १९५५ रोजी जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार जानेवारी २०२३ मध्ये डेट्रॉईट शहराचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकी प्रतिनिधिगृहात दाखल झाले. ठाणेदारांच्या जन्माच्या वेळी चिकोडी मुंबई राज्यात होती. पुढच्याच वर्षी झालेल्या राज्य पुनर्रचनेत ती म्हैसूर राज्यात गेली. सीमाभागातील या मराठी माणसाने सातासमुद्रापार मिळविलेल्या यशाचा आनंद इकडे व्यक्त होणे स्वाभाविकच होय. मात्र डेट्रॉईटमध्ये या निवडीकडे निखळ कौतुकाने पाहिले गेले नाही. त्यामागील कारणे समजून घेण्याजोगी आहेत.

ठाणेदारांची पूर्वकथा मराठी वाचकांना ‘ही श्रीची इच्छा’ या त्यांच्या आत्मचरित्रामुळे परिचित आहे. मध्यमवर्गीय कुटुंबातील आर्थिक ओढाताण, कर्नाटक विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रातील एम.एस्सी. आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातील नोकरी असा हा प्रवास आहे. १९७९ मध्ये ते अमेरिकेत गेले. ओहायोतील अ‍ॅक्रन विद्यापीठातून त्यांनी पॉलिमर रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. सेंट लुईस येथे नोकरी करीत असतानाच त्यांची नजर ‘केमीर’ या छोट्या प्रयोगशाळेवर पडली. १९९१ मध्ये ७५ हजार डॉलरचे कर्ज काढून त्यांनी ती विकत घेतली. अवघ्या तीन कर्मचाऱ्यांच्या या प्रयोगशाळेची उलाढाल २००५ पर्यंत सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरवर पोहोचली.

यशाच्या या आलेखाला पुढे मोठा धक्का बसला. कर्जाच्या बळावर केलेला औषध-चाचणी क्षेत्रातील विस्तार जागतिक मंदीच्या काळात अंगाशी आला आणि २०१० मध्ये बँकेने उद्योगांचा ताबा घेतला. न्यू जर्सीतील त्यांची एक प्रयोगशाळा बंद पडली, तेव्हा चाचण्यांसाठी ठेवलेले शंभराहून अधिक कुत्रे आणि काही माकडे आत अडकून पडली होती. ताबा बँकेकडे गेल्याने निर्णय आपल्या हाती नव्हता, असे ठाणेदारांचे म्हणणे राहिले. तरीही हा आक्षेप पुढे प्रचारात त्यांची पाठ सोडेना. त्याच वर्षी त्यांनी मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे ‘अ‍ॅव्होमीन’ ही नवी प्रयोगशाळा उभारली आणि २०१६ मध्ये तिच्यातील बहुतांश हिस्सा विकला. या विक्रीतून हाती आलेल्या भांडवलावर त्यांचा राजकीय प्रवास सुरू झाला.

येथे अमेरिकी व्यवस्थेतील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पक्षाची उमेदवारी तेथे श्रेष्ठी ठरवीत नाहीत. प्राथमिक निवडणुकीत मतदारच ती देतात. दुसरे म्हणजे, उमेदवाराने स्वतःच्या प्रचारासाठी खिशातून किती खर्च करावा यावर मर्यादा घालता येत नाही, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच दिला आहे. त्यामुळे पक्षकार्याची पूर्वपीठिका नसलेल्या धनिकालाही थेट मतदारांपुढे उभे राहता येते. ठाणेदारांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली, ती याच वाटेने. स्वतःचे लक्षावधी डॉलर खर्चूनही ते राज्यात तिसऱ्या क्रमांकावर राहिले. डेट्रॉईट शहरात मात्र त्यांना चांगली साथ मिळाली. पुढे त्यांनी याच शहरात मुक्काम हलविला, २०२० मध्ये राज्य विधिमंडळाची जागा जिंकली आणि लगेचच काँग्रेसकडे मोर्चा वळविला.

मोटार उद्योगाची राजधानी असलेल्या डेट्रॉईटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजारांवर आली. २०१३ मध्ये या शहराने दिवाळखोरी जाहीर केली. उरलेल्या रहिवाशांत तीन चतुर्थांशांहून अधिक कृष्णवर्णीय आहेत. चार्ल्स डिग्ज १९५५ मध्ये काँग्रेसमध्ये गेल्यापासून या शहराचा एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये असे. नागरी हक्कांच्या लढ्यातून मिळालेला हा वाटा होता. २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवारांमध्ये मते विभागली गेली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर विजयी झाले. जवळजवळ सात दशकांची परंपरा त्यामुळे खंडित झाली. पैशाच्या जोरावर जागा पटकावल्याची टीका झाली ती या पार्श्वभूमीवर.

ही टीका पूर्णतः न्याय्य आहे असे म्हणता येणार नाही. कृष्णवर्णीय उमेदवारांची मते विभागली गेली, हा दोष ठाणेदारांचा नव्हे. २०२४ च्या प्राथमिक निवडणुकीत त्यांनी निम्म्याहून अधिक मते मिळविली, हेही नोंदवायला हवे. अर्थात, त्या वेळी त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी अ‍ॅडम हॉलियर यांचा अर्ज पुरेशा वैध सह्यांअभावी बाद झाला होता.

गोव्याशी नाते सांगणारे अँटोनियो कोस्टा २००७ ते २०१५ या काळात लिस्बनचे महापौर होते आणि नंतर पोर्तुगालचे पंतप्रधान झाले. मालवण तालुक्यातील वराडशी नाते असलेले लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. दोघेही त्याच देशांत जन्मले आणि तरुणपणापासून पक्षात काम करीत वर आले. ठाणेदार वयाच्या चोविसाव्या वर्षी परदेशी गेले आणि साठी उलटल्यावर राजकारणात उतरले. मतदारांशी ओळख होण्यासाठी लागणारी वर्षे त्यांच्याकडे नव्हती. ती उणीव त्यांनी जाहिरातींच्या खर्चाने भरून काढली.

कृष्णाकाठच्या शहरांनाही बाहेरून आलेला व्यापारी नवा नाही. सांगलीच्या हळदपेठेत गुजराती, मारवाडी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो. म्हणजे प्रभागातील गटारे, पाणी आणि रस्ते यांच्या तक्रारी ऐकल्याखेरीज त्या खुर्चीपर्यंत पोहोचता येत नाही. या पद्धतीत फोडाफोडीचे आणि छुप्या खर्चाचे दोष आहेतच. तथापि, उमेदवाराला गल्लीतला माणूस ओळखतो की नाही, याची परीक्षा तीत आधी होते. डेट्रॉईटमध्ये हा क्रम उलटा झाला. पद आधी मिळाले, परीक्षा नंतर सुरू झाली.

बेळगावच्या मुलाने कर्जाच्या ७५ हजार डॉलरांवर उद्योग उभा केला, तो बुडाल्यावर पंचावन्नाव्या वर्षी दुसरा उभा केला, याचे मोल कमी होत नाही. मात्र डेट्रॉईटचा मतदार त्यांचा हिशेब या पराक्रमावरून मांडणार नाही. ओस पडलेल्या वस्त्यांसाठी, रोजगारासाठी वॉशिंग्टनहून काय आणले, हेच तो विचारेल. ठाणेदारांच्या यशाकडे अभिमानाने पाहणाऱ्या मराठी वाचकांनीही हा प्रश्न त्याच्याइतक्याच आस्थेने विचारला पाहिजे.